जुन्या लॅपटॉपवर नव्याने विंडोज : राजारामपुरीतील एका दुकानाच्या सेवेचे परीक्षण

लॅपटॉपवर विंडोज टाकून देणाऱ्या दुकानांना कोल्हापुरात तोटा नाही. शाहूपुरी, राजारामपुरी, स्टेशन रोड, कुठेही थोडे चाललात तरी ‘फॉरमॅट करून मिळेल’ असा एखादा फलक दिसतोच, आणि आत जाऊन दर विचारला की उत्तरही बहुधा ठरलेले असते: ठेवून जा, संध्याकाळी न्या, ऑफिस-फोटोशॉपसकट सगळे टाकून देतो. खरे तर या कामात विंडोज टाकणे हा सर्वांत सोपा भाग आहे. पेनड्राइव्ह लावायचा, चार-पाच ठिकाणी ‘नेक्स्ट’ दाबायचे आणि बाकीचे यंत्रावर सोडायचे. कारागिराची पारख होते ती हे करण्याआधी तो काय विचारतो आणि केल्यानंतर काय तपासून देतो यावर. या कसोटीवर राजारामपुरीच्या एका आतल्या गल्लीतले छोटे दुकान मला समाधानकारक वाटले. दोन-तीन गोष्टी खटकल्याही, त्या पुढे लिहिल्या आहेत.

दुकानाचे नाव येथे देत नाही. मालक आणि कारागीर एकच तरुण आहे, आणि परीक्षण लिहिणार असल्याचे सांगितल्यावर तो म्हणाला, “काका, नाव नका टाकू, फोन उचलायलाच माणूस ठेवावा लागंल मला.” तो फोन सध्याही उचलत नाही, हा भाग निराळा. त्यामुळे हे परीक्षण एका दुकानाचे असले तरी वाचकाने ते त्या प्रकारच्या सेवेचे म्हणून वाचावे आणि आपल्या जवळच्या दुकानात काय विचारायचे हे त्यातून घ्यावे.

माझा लॅपटॉप २०१४ सालचा आहे. चौथ्या पिढीचा इंटेल कोअर आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क आणि कंपनीकडूनच आलेली विंडोज ८.१. मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ पासून वर्षभर विंडोज १० मोफत देऊ केली होती, त्या मुदतीत मी ती रीतसर घेतली. पुढे काही वर्षांनी शहरातल्याच दुसऱ्या एका दुकानाने तो ‘फॉरमॅट मारून’ दिला आणि तेव्हापासून त्याचे एकेक अवयव रुसले. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकेना, मेमरी कार्डाची खाच बंद पडली, झाकण मिटून उघडल्यावर पडदा काळाच राहू लागला. वेग तर इतका मंदावला की टास्क मॅनेजर उघडावा तेव्हा डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. माझे काम वकिलांच्या मसुद्यांचे टंकलेखन आणि कागदपत्रांची मांडणी हे आहे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून या कामाला उसंत राहिलेली नाही. नवा लॅपटॉप घेण्याचा विचार होता; परंतु जुन्याचा कळफलक हाताला बसलेला, पडदा ठणठणीत आणि किरकोळ कामाला प्रोसेसर अजून पुरेसा, म्हणून आधी हा प्रयोग करावयाचे ठरवले.

दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट आवडली ती ही की, त्याने लॅपटॉप लगेच ताब्यात घेतला नाही. “ह्यात आदी काय काय चालत हुतं ते सांगा, मग पुसायचं बघू,” असे म्हणून त्याने एक वही पुढे ओढली. कोणता प्रिंटर, कोणते फॉन्ट, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरता का, ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेले आहेत का, टॅलीचा डेटा आहे का, कोणते सॉफ्टवेअर परवान्याचे आहे आणि त्याचा क्रमांक तुमच्याजवळ आहे का, असे एकेक विचारून त्याने लिहून घेतले. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स यांपलीकडे माणसाच्या फायली कुठे कुठे पडलेल्या असतात याची त्याला चांगली जाण दिसली. डाउनलोड्समध्ये राहून गेलेले निकालपत्र, कुठल्याशा सॉफ्टवेअरने सी ड्राइव्हवरच परस्पर केलेले फोल्डर, सारे त्याने माझ्यासमोर उघडून पाहिले. इतर ठिकाणी ‘डी ड्राइव्हला काही होत नाही’ एवढ्या एका वाक्यावर हा विषय संपतो, आणि लोकांचे नुकसान होते ते सी ड्राइव्हवरच्या गोष्टींचे.

त्यानंतर त्याने हार्डडिस्कची प्रकृती पाहिली. डिस्क स्वतःच्या बिघाडांची नोंद आत ठेवत असते आणि ती वाचून दाखवणारी छोटी मोफत साधने मिळतात. डिस्कवरचे खराब झालेले सेक्टर, म्हणजे साठवणीचे बारीक कप्पे, बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले गेले की त्यांचा आकडा वाढत जातो. माझ्या डिस्कच्या बाबतीत त्या साधनाने हिरव्याऐवजी पिवळा रंग दाखवला. अशा डिस्कवर विंडोज पुन्हा टाकली असती तर आठवडाभर बरे वाटून रोग पुन्हा उलटला असता. बायोस म्हणजे मदरबोर्डवरच राहणारा मूळ प्रोग्रॅम; त्यातले घड्याळही कित्येक वर्षे मागे गेलेले त्याच्या नजरेस आले. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की असे होते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटू लागतात आणि विंडोजचे अपडेटही अडतात. पोर्टलवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा मला मधूनमधून येत असे, त्याचे कारण इतके क्षुल्लक असेल असे वाटले नव्हते.

यानंतर मुख्य प्रश्न, कोणती कार्यप्रणाली टाकायची. येथे त्याने तीन वाटा सांगितल्या आणि कोणतीही एक गळ्यात मारली नाही. विंडोज १० ला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. मात्र २२एच२ ही आवृत्ती असलेल्या घरगुती संगणकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याचे पैसे पडत नाहीत, अन्यथा ३० डॉलर मोजावे लागतात. दुसरी वाट विंडोज ११ ची. ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली आणि तिला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीवर ती अधिकृतपणे बसत नाही. अटी चुकवून बसवणारा पेनड्राइव्ह तयार करता येतो आणि बाजारात सर्रास तसे करून देतातही. पण अशा यंत्रांना पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, हे किती दुकानदार सांगतात? याने ते आपण होऊन सांगितले. तिसरी वाट लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीची. तिची २२ ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली, २०२९ पर्यंत तिला पाठबळ आहे आणि ४ जीबी रॅमवर ती बऱ्यापैकी हलकी चालते.

ज्यांचे काम ब्राउझर, मेल, पीडीएफ आणि चित्रफिती यांच्यापुढे जात नाही त्यांनी मिंटच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम, गाभ्यातच असतात. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय कार्डांसाठी तेवढी वेगळी खटपट करावी लागते, आणि तीही आधी मोबाइलचे इंटरनेट यूएसबीने जोडून घेतले की फारशी जड जात नाही. माझी अडचण जुन्या फॉन्टची आणि प्रिंटरची होती. कॅनन एलबीपी २९०० हा छोटा लेसर प्रिंटर टायपिंगच्या पुष्कळ टेबलांवर अजून राबताना दिसतो. विंडोजवर तो निमूट चालतो, लिनक्सवर मात्र त्याच्या ड्रायव्हरशी झटापट करावी लागते. म्हणून मी विंडोज १० घेतली आणि वर्षभराची सुरक्षा-नोंदणी तेथेच त्याच्यासमोर करून घेतली. ऑक्टोबर २०२६ नंतर काय, हा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही, फक्त पुढे गेला आहे, आणि हे गिऱ्हाइकाला कळलेले बरे.

परवान्याच्या बाबतीत या दुकानाने जे केले ते सविस्तर लिहिण्यासारखे आहे. विंडोज ८ पासून कंपनीने दिलेल्या विंडोजची किल्ली लॅपटॉपच्या बायोसमध्येच साठवलेली असते. त्यातही आपल्याकडे विकल्या गेलेल्या स्वस्त लॅपटॉपांत बहुधा ‘सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती असे. तिच्यात दर्शनी भाषा एकच ठेवता येते, मराठी कळफलक मात्र हवा तसा जोडता येतो. अशा यंत्रावर मोफत मिळालेली विंडोज १० सुद्धा ‘होम सिंगल लँग्वेज’च असते आणि तिच्या परवान्याची नोंद त्या मदरबोर्डच्या नावाने मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते. पुन्हा तीच आवृत्ती टाकली आणि इंटरनेट जोडले की ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. किल्ली विचारलीच तर ‘माझ्याकडे किल्ली नाही’ हा पर्याय निवडून पुढे जायचे. एवढे साधे असताना आधीच्या दुकानाने माझ्या लॅपटॉपवर ‘प्रो’ टाकली होती. ती या परवान्यावर चालणार नाही हे उघड असल्याने वरून एक अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणारा प्रोग्रॅम, चालवला होता आणि तो चालावा म्हणून अँटीव्हायरसमधून त्याला सूट दिलेली होती. म्हणजे घरात विकतचा परवाना असताना कित्येक वर्षे मी चोरीच्या विंडोजवर, पहारा अर्धवट उठवलेल्या अवस्थेत, वकिलांची गोपनीय कागदपत्रे टाइप करत होतो. राजारामपुरीतल्या तरुणाने एक आज्ञा देऊन बायोसमधली किल्ली पडद्यावर आणून दाखवली आणि “तुमचं ओरिजनल हाय की, कशाला क्रॅक मारायचा?” एवढेच विचारले. ऑफिस आणि फोटोशॉप त्याने टाकून दिले नाहीत. परवाना असेल तर टाकतो, नसेल तर मोफतचे लिब्रेऑफिस घ्या, असे त्याचे धोरण आहे. काहींना हा दोष वाटेल. मला तो या दुकानाचा पहिला गुण वाटतो.

डिस्क बदलून २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली. पातळ जुन्या लॅपटॉपांत ७ मिलिमीटर जाडीचीच डिस्क मावते आणि अडीच इंची एसएसडी त्याच जाडीच्या असतात, त्यामुळे अडचण आली नाही. रॅम आणखी ४ जीबी वाढवली. या पिढीला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ चालत नाही. हे न पाहता पट्टी आणून मग ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणणारे लोक आहेत. जुन्या दुकानाने विंडोज ‘लेगसी’ पद्धतीने बसवली होती, ती आता यूईएफआय आणि जीपीटी विभागणी या नव्या पद्धतीवर आली. जुनी हार्डडिस्क त्याने हात न लावता तशीच बाजूला काढली आणि यूएसबीच्या खोक्यात घालून मला परत दिली. फायली नव्या डिस्कवर उतरवल्यानंतरही मूळ प्रत आपल्या घरात असणे ही सर्वांत चांगली व्यवस्था आहे आणि एसएसडी घेणाऱ्या प्रत्येकाने ती मागून घ्यावी.

आता ड्रायव्हर. या कामाचा जीव येथेच आहे आणि अर्ध्या तासात फॉरमॅट मारणारे नेमके येथेच अंग काढून घेतात, कारण विंडोज १० स्वतःहून पुष्कळ ड्रायव्हर शोधून घेते आणि वरवर पाहता सगळे चालू दिसते. पडदा उजळतो, आवाज येतो, इंटरनेट लागते. गिऱ्हाईक पैसे देऊन घरी जाते. लॅपटॉपच्या सगळ्या भागांची यादी दाखवणारा विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडला तर तेथे पिवळी उद्गारचिन्हे असलेल्या ओळी रांगेने बसलेल्या असतात. माझ्या लॅपटॉपवर विंडोज टाकून झाल्यावर त्याने तो पडदा माझ्याकडे वळवला. ‘एसएम बस कंट्रोलर’, ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’, कार्डाच्या खाचेची एक ओळ आणि शेवटी ‘अननोन डिव्हाइस’. पहिली ओळ चिपसेटचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा, ड्रायव्हर घातल्यावर गेली. दुसरी इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनची होती. ड्रायव्हर घालण्याचा या तरुणाचा क्रम ठरलेला आहे: आधी चिपसेट, मग मॅनेजमेंट इंजिन, मग ग्राफिक्स, मग आवाज, नेटवर्क, टचपॅड आणि शेवटी किरकोळ वस्तू. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपात इंटेलचा ड्रायव्हर आधी आणि वेगळ्या कार्डाचा नंतर, हेही त्याने जाता जाता सांगितले.

ड्रायव्हर कोठून आणायचे यावर त्याची शिस्त कडक आहे. लॅपटॉपच्या बुडाशी असलेला अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून त्याच मॉडेलची यादी काढायची, हा पहिला मार्ग. काम सुरू करण्यापूर्वीच त्याने वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवले होते, कारण विंडोज टाकल्यावर नेटवर्कच चालले नाही तर बाकीचे शोधणार कसे? चालू असलेल्या जुन्या विंडोजमधले ड्रायव्हरही त्याने डिस्क काढण्याआधी एका आज्ञेने बाहेर काढून घेतले. ‘एकगठ्ठा सगळे ड्रायव्हर टाकून देतो’ म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरांना त्याच्या दुकानात थारा नाही. ती भलतेच ड्रायव्हर लावतात आणि सोबत जाहिराती घेऊन येतात.

जेथे कंपनीच्या यादीतून काम भागत नाही तेथे खरे कसब लागते. पिवळ्या ओळीवर उजवी कळ दाबून तपशिलांत गेले की त्या भागाचा हार्डवेअर क्रमांक दिसतो. त्यात दोन तुकडे महत्त्वाचे असतात, एक उत्पादकाचा आणि एक त्या भागाचा. उत्पादकाच्या जागी ८०८६ असेल तर ती वस्तू इंटेलची, १०ईसी असेल तर रिअलटेकची. (इंटेलने ८०८६ हा क्रमांक १९७८ सालच्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरवरून उचलला हे उघड आहे, तंत्रज्ञांनाही भावना असतात.) माझ्या कार्डाच्या खाचेचा ड्रायव्हर कंपनीच्या यादीत फक्त विंडोज ८.१ साठी होता. त्याचा इन्स्टॉलर ‘ही प्रणाली चालणार नाही’ म्हणून अडून बसला. तेव्हा त्या तरुणाने ती फाइल उलगडून आतली, ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी आयएनएफ फाइल डिव्हाइस मॅनेजरला थेट दाखवली आणि खाच जिवंत झाली. ८.१ चे ६४ बिट ड्रायव्हर १० वर पुष्कळदा असे चालून जातात, मात्र ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर कधीच बसत नाही.

टचपॅडची कथाही तशीच. विंडोजने त्याला साधा पीएस/२ माउस समजून घेतले होते, म्हणून बाण हलायचा, पण दोन बोटांची खूण कळायची नाही. मूळ उत्पादकाचा ड्रायव्हर बसला आणि पान सरकू लागले. झाकण मिटल्यावर न उठणारा पडदा इंटेलचा योग्य ग्राफिक्स ड्रायव्हर आणि चिपसेट आल्यावर उठू लागला. उरली शेवटची अनोळखी ओळ. तिचा क्रमांक शोधल्यावर ती लॅपटॉप हातातून निसटल्यास हार्डडिस्कचे डोके सुरक्षित जागी नेणाऱ्या सेन्सरची निघाली. एसएसडीमध्ये फिरणारी तबकडीच नाही, तेव्हा या सेन्सरला आता राखण्यासारखे काही उरलेले नाही. तरीही त्याने तो ड्रायव्हर घातला. “काम काय न्हाई ह्याचं आता, पण पिवळी खूण ठेवून लॅपटॉप देत न्हाई मी,” असे तो म्हणाला. माझ्या मते या एका वाक्यासाठी त्याला जास्त पैसे मागण्याचा अधिकार आहे.

मराठी काम करणाऱ्यांसाठी पुढचा भाग महत्त्वाचा आहे. आमच्या व्यवसायात २००० च्या आसपासच्या आणि त्यानंतरच्याही पुष्कळ फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी सारखीच दिसणाऱ्या पद्धतीत, नाहीत. त्या श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे तो फॉन्ट संगणकावर नसेल तर अख्खा दस्तऐवज इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढीग होऊन उघडतो आणि गिऱ्हाइकाला वाटते की फाइल करप्ट झाली. फाइल शाबूत असते, फॉन्ट गेलेला असतो. त्याने डिस्क काढण्यापूर्वी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची संपूर्ण प्रत घेतली आणि नंतर त्यातले लागणारे फॉन्ट बसवले. परवान्याने घेतलेले फॉन्ट-सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवान्याच्या खुंटीवर, चालत असेल तर त्या डोंगलचाही ड्रायव्हर लागतो, ही गोष्ट त्याच्या वहीत लिहिलेली होती. जुनी मांडणीची सॉफ्टवेअरे ६४ बिट विंडोजवर चालवताना एक खोच असते: प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर तो चालू शकतो, पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा असेल तर तो सुरूच होत नाही. माझ्याजवळच्या एका जुन्या सीडीचे असेच झाले. त्यावर त्याच्यापाशी उपाय नव्हता आणि तसे त्याने सरळ सांगितले.

मराठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये मुळातच असतो. २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलकही आला आहे. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना लागणारी रेमिंग्टन मांडणी मात्र वेगळे साधन टाकून घ्यावी लागते. याची त्याला कल्पना होती, पण प्रत्यक्ष बसवण्यात गोंधळ झाला. कळफलक बदलण्याच्या कळा आणि माझ्या वर्डमधल्या कळा एकमेकांत अडकल्या. ते मी घरी येऊन नीट करून घेतले. मराठीत रोज टंकलेखन करणारा माणूस बाजूला बसल्याखेरीज ही गोष्ट बिनचूक होणे कठीणच आहे.

लॅपटॉप परत देताना त्याने वहीतली यादी पुन्हा काढली आणि प्रत्येक वस्तू माझ्याच हाताने चालवून पाहायला लावली. सगळे यूएसबी, हेडफोनची खाच, कॅमेरा, माइक, ब्लूटूथ, एचडीएमआय, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा, कार्डाची खाच त्याच्याजवळच्या कार्डाने, आणि झाकण मिटून-उघडून झोपेतून उठणे. प्रिंटर मी सोबत नेला नव्हता, तरी त्याचा ड्रायव्हर त्याने आधीच घालून ठेवला होता आणि घरी केबल जोडताच पहिले पान निघाले. पूर्वी सुरू होऊन कामाला लागेपर्यंत लॅपटॉपला कित्येक मिनिटे लागत. आता वीसएक सेकंदांत डेस्कटॉप हाती येतो. हा फरक मुख्यतः एसएसडीचा आहे, विंडोज नव्याने टाकल्याचा नव्हे, हेही नोंदवले पाहिजे, नाहीतर जुन्याच हार्डडिस्कवर पैसे घालवून कोणी निराश व्हायचे.

खटकलेल्या गोष्टी. माझ्या फायलींची एक प्रत त्याने काम चालू असताना स्वतःच्या डिस्कवर घेतली होती, ती कधी पुसणार हे त्याने आपण होऊन सांगितले नाही. विचारल्यावर “आठवडाभर ठेवतो, काय राहिलं असलं तर बरं पडतंय” असे उत्तर मिळाले. हेतू चांगला आहे, पण वकिलांचे कागद दुसऱ्याच्या डिस्कवर आठवडाभर पडून राहणे मला मान्य नव्हते. मी ती प्रत समोर पुसून घेतली आणि त्याने कुरकुर न करता पुसली. ही बाब पावतीवर छापलेली असायला हवी. पावतीचे म्हणाल तर तिच्यावर सुरुवातीला ‘एसएसडी व सॉफ्टवेअर’ एवढेच लिहिलेले होते. एसएसडीचा अनुक्रमांक मागून लिहून घ्यावा लागला. हमीच्या मुदतीत ती बिघडली तर या क्रमांकावाचून दाद मागणे अवघड जाते. लॅपटॉप मिळायला सांगितल्यापेक्षा उशीर झाला आणि त्या काळात फोन लागत नसल्याने प्रत्यक्ष जाऊन विचारावे लागले. राजारामपुरीत संध्याकाळी दुचाकी लावायला जागा शोधणे हे काय काम आहे ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. शिवाय लॅपटॉप उघडला तेव्हा पडद्यावर दुकानाचा फलक वॉलपेपर म्हणून लावलेला आणि कळफलकाखाली फोन क्रमांकाचा चकचकीत स्टिकर. वॉलपेपर एका क्षणात बदलला, स्टिकरचा चिकटा मात्र अजून गेलेला नाही.

मजुरी ७०० रुपये घेतली. एसएसडी, रॅम आणि बायोसचा सेल यांचे पैसे निराळे, बिलासह. नुसत्या फॉरमॅटला याहून कमी घेणारी दुकाने शेजारच्याच गल्लीत आहेत. पण त्या दरात वही नसते, परवाना पाहिला जात नाही आणि पिवळ्या ओळी तशाच राहतात, हे लक्षात घेता ७०० रुपये मला स्वस्त वाटले. रॅम आणि एसएसडीचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढलेले असल्याने सुट्या भागांची किंमत त्या दिवशीची विचारूनच होकार द्यावा. डिस्क निरोगी असेल, विंडोज परवान्याची असेल आणि तक्रार एखाद्याच भागाची असेल, तर संपूर्ण फॉरमॅटऐवजी नुसता ड्रायव्हर टाकून घ्या असे हा माणूस स्वतःच सांगतो आणि त्याचे पैसेही कमी घेतो. माझ्यासमोर एका विद्यार्थ्याचा बंद पडलेला आवाज त्याने असाच परत आणून दिला.

जाताना चार्जर, मूळ सॉफ्टवेअरच्या सीडी किंवा परवाना क्रमांक, प्रिंटरचे नेमके मॉडेल आणि मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड सोबत न्यावा. शक्य असल्यास जुन्या फॉन्टमधली एखादी फाइलही न्यावी आणि लॅपटॉप परत घेताना तेथेच उघडून पाहावी.